गाडी धुतल्यावर पुन्हा पुन्हा उमटणारे पांढरे डाग : कारण शोधण्याचा क्रम

गाडी धुऊन उभी केली की ओली असेपर्यंत ती अगदी नव्यासारखी दिसते. तासाभराने उन्हात पाहिले तर बोनेटवर, टपावर आणि डिकीच्या झाकणावर पांढरट कडा असलेली लहान लहान वर्तुळे दिसू लागतात. ओले फडके फिरवले की ती नाहीशी होतात आणि पृष्ठभाग वाळताच जागच्या जागी परत येतात. काळ्या, निळ्या आणि गडद लाल रंगावर ती लांबूनही दिसतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण धुतलेल्या बोनेटवरून बोटांची टोके फिरवली की खरखर जाणवते. दाराच्या हँडलखाली आणि बाजूच्या आरशांखाली वाळलेले ओघळ दिसतात, आणि रात्री समोरून प्रकाश आला की पुढच्या काचेवर वायपर न पोहोचणाऱ्या कोपऱ्यांत धुरकट ठिपके चमकतात.

यातली दोन-तीन लक्षणे तुमच्या गाडीवर असतील, तर हा पाण्यातील क्षारांचा डाग आहे असे समजून पुढे जायला हरकत नाही. तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढे आणि नखाने न निघणारे ठिपके लोखंडाच्या कणांचे असतात; रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ते विशेष दिसतात. चाकांमागचे काळे, चिकट ठिपके डांबराचे असतात. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या गोल रेषा हे ओरखडे आहेत. या तिन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे येथे त्यांचा विचार केलेला नाही.

पिंपरी-चिंचवड भागातील आमच्या सोसायटीत पिण्याला पवना धरणाचे पाणी येते आणि पार्किंगमधल्या नळाला बोअरचे. गेल्या काही वर्षांत माझ्या दोन गाड्यांवरचे आणि शेजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्यांवरचे हे डाग मी काढले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट आढळली. डाग काढण्यावर लोक पुष्कळ श्रम घेतात. परंतु गाडीवर शेवटी कोणते पाणी वाळते, हे बदलत नाहीत. त्यामुळे पुढच्या धुण्याला डाग परत येतात, पुन्हा घासले जातात, आणि दर घासण्यात रंगावरचा पारदर्शक थर थोडा थोडा झिजतो. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नये. पहिल्या तपासण्यांना काहीही खर्च नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक गाड्यांचा प्रश्न तेथेच सुटतो.

पहिली तपासणी : डाग नेमके कोठे आहेत?

सकाळच्या तिरप्या प्रकाशात गाडीभोवती एक फेरी मारा आणि डागांची जागा नीट पाहा. आडव्या भागांवर सगळीकडे सारखे डाग असतील, तर ते धुण्याच्या पाण्याचे आहेत. आरसे, हँडल, नंबरप्लेट आणि डिकीचे झाकण यांच्या खालीच ओघळ असतील, तर फटींमध्ये अडकलेले पाणी पुसण्यानंतर बाहेर येत आहे. गाडीच्या एकाच बाजूला, कमरेच्या उंचीपर्यंत ठिपके असतील, तर सोसायटीच्या बागेतील तुषारसिंचनाचा फवारा तेथवर पोहोचतो का ते पाहा. एका शेजाऱ्यांनी गाडी चार महिने घरीच धुतली, शांपू बदलला, फडकी बदलली. दोष मात्र हिरवळीच्या कडेला बसवलेल्या एका तोटीचा होता, आणि ती थोडी वळवल्यावर डाग थांबले.

टपावर किंवा बोनेटवर एकाच ओळीत पांढरे, जाड, किंचित उंचवटा असलेले थेंब दिसले, तर ताबडतोब वर पाहा. बेसमेंटच्या स्लॅबमधून झिरपणारे पाणी सिमेंटमधील चुना बरोबर घेऊन येते. ते तीव्र अल्कधर्मी असते आणि साध्या बोअरच्या पाण्यापेक्षा रंगाला कितीतरी अधिक इजा करते. छताच्या भेगेवर पांढरी रेघ किंवा बारीक लोंबणारी टोके दिसली की निदान पक्के समजावे. येथे धुण्याची पद्धत सुधारून काहीच साधणार नाही. गाडीची जागा बदला, आणि ते शक्य नसेल तर गळतीखाली पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पन्हळ बांधून घ्या. मग स्लॅबच्या दुरुस्तीसाठी सोसायटीकडे लेखी तक्रार द्या. असा थेंब पडला असेल तर त्याच दिवशी धुऊन काढावा, कारण दोन-तीन आठवडे राहिलेला चुन्याचा थेंब निघाल्यावरही बहुधा खूण ठेवतो.

दुसरी तपासणी : वेळ आणि तापमान

बोनेटवर तळहात ठेवा. हात सहज ठेवता येत नसेल तर गाडी धुऊ नये. आमच्याकडे मार्चपासून सकाळी नऊनंतर उन्हातला पत्रा तापतो, आणि त्यावर पडलेले पाणी पुसण्यापूर्वीच वाळते. प्रवासाहून आल्या आल्या गाडी धुण्याची सवयही याच कारणाने वाईट आहे, कारण सावलीत उभ्या असलेल्या गाडीचे बोनेटसुद्धा इंजिनाच्या उष्णतेने अर्धा-पाऊण तास गरम राहते.

हे का महत्त्वाचे आहे, ते समजून घेतले की बाकीचे सगळे आपोआप उलगडते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी उडून जाताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते; गिझरच्या कॉइलवर आणि न्हाणीघरातल्या नळावर जमणारा पांढरा थर तोच. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडते, आतले पाणी त्या कडेकडे ओढले जाते आणि क्षार तेथेच साठतात, म्हणून डागाला वर्तुळाचा आकार येतो. ऊन जितके कडक, तितका हा थर लवकर आणि घट्ट बसतो. सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर, सावलीत, एका वेळी एकच भाग धुऊन लगेच पाण्याने साफ करावा. आधी टप, मग काचा, मग बोनेट आणि शेवटी दारांचा खालचा भाग, असा वरून खाली क्रम ठेवावा.

तिसरी तपासणी : गाडी वाळते कशी?

गाडी वाऱ्यावर वाळू देणे म्हणजे डाग मुद्दाम तयार करणे. धुतलेल्या गाडीवर पाव लिटर पाणी राहिले आणि त्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार असले, तर २०० मिलिग्रॅम पांढरी भुकटी रंगावर राहते. दर आठवड्याला तितकीच भर पडते.

शेवटचे पाणी सोडताना पाइपचे तोंड काढून टाका आणि मंद, अखंड धार टपाच्या मधोमध सोडा. अशी धार पाण्याचा पडदा बनून खाली सरकते आणि मागे थोडेच थेंब उरतात. फवारा मात्र हजारो थेंब मागे ठेवतो. नंतर जाड, लांब धाग्यांचे मायक्रोफायबर फडके पसरून ठेवावे आणि हलकेच ओढून पाणी टिपून घ्यावे. येथे टिपणे हाच शब्द लक्षात ठेवावा, कारण दाब देऊन पुसले की राहिलेला धुळीचा कण रंगावर रेघ मारतो. जुना बनियन, साडीचा तुकडा किंवा आंघोळीचा टॉवेल यासाठी वापरू नये. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडके पाणी शोषेनासे होते. फडके पाणी टिपण्याऐवजी नुसते पसरवत असेल तर आधी याच कारणाचा संशय घ्यावा.

मग दारे, डिकी आणि बोनेट उघडून कडा टिपून घ्या, आरशाच्या आवरणावर हाताने दोनदा थोपटा, आणि जमल्यास गाडी शंभर-दोनशे मीटर चालवून आणून फटींतून निथळलेले ओघळ पुन्हा टिपा. एवढी पाच मिनिटे दिली की हँडल आणि आरशांखालचे डाग बहुतेक थांबतात.

चौथी तपासणी : रोज सकाळी गाडी कोण आणि कशाने पुसते?

आपल्याकडच्या अनेक सोसायट्यांत पहाटे एक माणूस एका बादलीत आठ-दहा गाड्या पुसतो. त्याला मिळणारा वेळ आणि पैसा पाहता यात त्याचा दोष मानता येणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर बादलीत बोअरचे पाणी आणि रस्त्याची माती यांचे मिश्रण उरते, आणि तेच ओले फडके तुमच्या बोनेटवर फिरून तसेच वाळते. डाग पुसण्याच्या दिशेने पट्ट्यांसारखे दिसत असतील, तर कारण येथे आहे. मी दोन वेगळी मायक्रोफायबर फडकी आणून दिली, टप व बोनेट रोज न पुसता फक्त काचा व आरसे पुसण्याची विनंती केली, आणि त्यासाठी पगार कमी केला नाही. महिन्याभरात ओरखडेही कमी झाले. धूळ बसलेली गाडी आठवडाभर तशीच राहिली तर रंगाचे काही बिघडत नाही. कोरड्या फडक्याने रोज पुसल्याने बिघडते.

पाचवी तपासणी : पाणी

स्टीलच्या स्वच्छ ताटलीत चमचाभर पाणी घेऊन ते उन्हात पूर्ण वाळू द्यावे, शेजारच्या ताटलीत पिण्याचे पाणी तसेच ठेवावे, आणि दोन्हींची तुलना करावी. इतक्या साध्या प्रयोगाने मी आजवर बहुतेकांची खात्री पटवली आहे. आकडाच हवा असेल तर टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या एकूण क्षारांचे मिलिग्रॅम, मोजणारे लहान यंत्र काही शे रुपयांत मिळते. आमच्या बोअरचा आकडा पावसाळ्यानंतर उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये ८००च्या पुढे जातो. दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगांत दीर्घकाळ राहिलेले पाणी खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते, त्यामुळे हा प्रकार पठारावर सर्वत्र आढळतो. भातसा, तानसा, वैतरणा यांच्या पाण्यावर मुंबईत गाडी धुणारे लोक पुण्याच्या उपनगरांत राहायला आले की पहिल्या उन्हाळ्यातच गोंधळतात, ते यामुळेच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण क्षारांसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. म्हणजे माणसाने पिण्यास चालणारे पाणीसुद्धा गाडीच्या रंगावर वाळू देण्याजोगे असेलच असे नाही.

येथे तीन चुका नेहमी होतात. पहिली चूक, आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याने गाडी धुणे. भावना चांगली आहे. परंतु यंत्राने बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते. ते लादी पुसायला वापरावे. दुसरी चूक, सोसायटीत पाणी मृदू करण्याचे संयंत्र बसल्यावर टीडीएस मोजणे आणि आकडा उतरला नाही म्हणून संयंत्र बंद आहे असे समजणे. ते संयंत्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जागी सोडियम सोडते; एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात, पण सोडियमचे क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने त्यांचा डाग ओल्या फडक्याने निघतो. तिसरी चूक कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचे द्रावण वापरण्याची. वंगण काढण्यासाठीच बनलेले हे पदार्थ रंगावरचे वॅक्सही उतरवतात, आणि उघड्या पडलेल्या रंगावर क्षार अधिक घट्ट बसतात. गाडीसाठीचा, उदासीन पीएच असलेला शांपू वापरावा, आणि एक बादली शांपूची व दुसरी फडके खंगाळण्याची ठेवावी.

सगळी गाडी चांगल्या पाण्याने धुण्याची गरज नाही, आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी असे वापरणे मला पटतही नाही. बोअरच्या पाण्याने नेहमीसारखी गाडी धुवावी आणि शेवटी फक्त पाच-सहा लिटर कमी क्षारांचे पाणी वरून खाली ओतावे, म्हणजे रंगावर वाळणारे पाणी तेवढे बदलते. एसीच्या नळीतून बादलीत पडणारे पाणी यासाठी फार उपयोगी आहे; ते हवेतील बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. दमट हवेत बादली लवकर भरते. कापडातून गाळून घेतले की झाले. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरून साठवलेले पाणीही चालते, मात्र पहिल्या एक-दोन सरी धूळ धुऊन आणतात, त्या सोडून द्याव्यात.

सहावी पायरी : बसलेले डाग काढणे

वरची कारणे थांबवल्यावरच या पायरीला हात घालावा. किराणा दुकानात मिळणारे साधे पांढरे व्हिनेगर आणि तितकेच कमी क्षारांचे पाणी एकत्र करावे. गाडी सावलीत, थंड आणि आधी धुतलेली असावी, कारण माती असताना फडके ठेवले तर डागाऐवजी ओरखडा मिळेल. प्रथम न दिसणाऱ्या कोपऱ्यावर प्रयोग करा. मग द्रावणात भिजवलेले फडके डागांवर दोन मिनिटे नुसते पसरून ठेवा. ते वाळू देऊ नका आणि घासू नका. आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला विरघळवते, त्यामुळे हे काम रसायनाचे आहे, मनगटाचे नाही. लगेच भरपूर पाण्याने धुवा, त्या भागावर शांपू फिरवा, पुन्हा धुवा आणि टिपून घ्या. गरज पडल्यास हे आणखी एकदा करता येईल. क्रोमच्या पट्ट्या, उघडा धातू आणि ओरखड्यातून दिसणारा पत्रा यांना हे द्रावण लागू देऊ नये. पार्किंगला शहाबादी किंवा संगमरवरी फरशी असेल तर गाडी बाहेर काढून घ्या, कारण त्याच आम्लाने फरशीवर डाग पडतील.

संडास साफ करण्याचे आम्ल, बॅटरीचे आम्ल, टूथपेस्ट, खाण्याच्या सोड्याचा लगदा आणि भांडी घासण्याचा खरखरीत स्पंज यांपैकी काहीही कोणी सुचवले तरी वापरू नये. पहिली दोन रंग आणि धातू दोन्ही खातात, आणि उरलेली खरवडतात.

व्हिनेगरने वॅक्सही उतरते, म्हणून त्यानंतर नवा थर द्यावा. येथे सिरॅमिक कोटिंगविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यानंतर डाग पडणार नाहीत अशी समजूत घेऊन लोक मोठी रक्कम खर्च करतात. कोटिंगवर पाणी गोल थेंबांत उभे राहते आणि गाडी उभी असेल तर ते थेंब तेथेच वाळतात. क्षार थोड्या जागेत एकवटतात. कोटिंगमुळे डाग रंगाऐवजी कोटिंगवर बसतो आणि वेळेवर काढला तर सहज निघतो, हा लाभ खरा आहे. न पुसता गाडी सोडून देता येते, हा समज मात्र चुकीचा आहे. कडक पाणी आणि रोजचे ऊन असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी हाताने लावलेले साधे वॅक्स मला अधिक परवडणारे वाटते.

थांबावे केव्हा?

दोन वेळा व्हिनेगर लावूनही वर्तुळ दिसत असेल, तर तेथे क्षार उरलेले नाहीत. पारदर्शक थरात खड्डा पडला आहे. त्यावर नख हलकेच फिरवा. नख अडकत नसेल, तर बारीक पॉलिश हाताने, वीतभर जागेवर, हलक्या दाबाने लावून पाहायला हरकत नाही. नख अडकत असेल तर थांबा. पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो, आणि खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासत नेणे म्हणजे तो संपवणे. यंत्राचे पॉलिश शिकल्याशिवाय करू नये. माझ्या पहिल्या गाडीचे काळे बोनेट एका कार्यशाळेत घाईने पॉलिश केले गेले आणि दोन्ही कडांवरचा थर कायमचा गेला. तेथे रंगकामाशिवाय दुसरा उपाय उरला नव्हता.

मॅट रंगाची गाडी, महिन्याभरात रंगवलेला भाग, पापुद्रे सुटू लागलेला टप आणि स्लॅबच्या चुन्याचे जुने थेंब या चार बाबतींत पहिल्याच दिवशी जाणकाराकडे जावे. पॉलिश करण्यापूर्वी थराची जाडी यंत्राने मोजून दाखवा, आणि आधी एकाच भागावर हातभर जागेत काम करून ते शांपूने धुऊन उन्हात दाखवा, या दोन गोष्टी त्याच्याकडे मागाव्यात. काही द्रावणे खड्डे व ओरखडे नुसते बुजवतात आणि तीन-चार धुण्यांनंतर सगळे पुन्हा उघडे पडते. तुम्ही आधी काय लावले, किती वेळा लावले, गाडी कोठे उभी असते आणि कोणत्या पाण्याने धुतली जाते, हेही त्याला कागदावर लिहून द्या, म्हणजे कोणत्या भागाला आणखी घासायचे नाही हे त्याला काम सुरू करण्यापूर्वीच ठरवता येईल.